ताईंची उन्हाची वेळ

पार्लरवाल्या ताईंचं उन्हाशी उभं वैर होतं. वैर अर्थातच एकतर्फी. उन्हाला बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. ते रोज सकाळी ताईंच्या दुकानाच्या काचेवर नेमाने येऊन पडायचं आणि ताई तितक्याच नेमाने पडदा ओढायच्या.

भुवयांवर दोरा चालू असताना गिऱ्हाइकाला बोलता येत नाही, ही त्या धंद्यातली फार मोठी सोय. डोळे मिटलेले, मान मागे, कातडी ताणून धरायला स्वतःचीच दोन बोटं कपाळावर. बाई पळणार कुठे? ताईंनी वर्षानुवर्षं या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला होता.

"काल उन्हातून चालत आलात ना? खोटं बोलू नका, तुमचं नाक सांगतंय मला. छत्री कुठे होती? घरी? छत्री काय घराला ऊन लागू नये म्हणून घेतली होती?"

समोरची बाई हूं की चूं करायची नाही. ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, त्या मुख्याध्यापिकाबाईसुद्धा पार्लरच्या पायरीवर येऊन छत्री उघडायच्या आणि दोन पावलांसाठी डोक्यावर धरून आत शिरायच्या. ताईंनी बघावं, एवढ्यासाठी. ताई बघायच्या आणि मान डोलवायच्या.

हसू नका. या धाकावरच ताईंचं दुकान उभं होतं. कोपऱ्यावर नवं, चकचकीत पार्लर उघडलं होतं. तिथे मशिनं होती, थंडगार हवा होती, कॉफी फुकट होती. तरी बायका ताईंकडेच यायच्या. कारण मशीन रागावत नाही. 'ताई म्हणतात म्हणजे खरं' हे ज्या दिवशी खोटं ठरलं असतं, त्या दिवशी ताईंना कोणी विचारलं नसतं. हे ताईंना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याने त्यांची झोप उडाली.

झालं असं की ताईंचे दंड दुखायला लागले. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा बोटांत, आणि कोपरं दिवसभर हवेत, असं हे काम. हात वर राहत नसेल तर काम संपलं. आधी दंड भरून यायचे, मग खांद्यात कळ, मग जिना चढताना मांड्या बोलायला लागल्या. ताई कोणाला काही सांगत नव्हत्या. पण एके दिवशी बँकेतल्या बाईंच्या डाव्या भुवईवर हात असा काही लटपटला, की भुवईचं शेपूटच गेलं. नंतर कितीतरी दिवस बँकेतल्या बाई पेन्सिलने शेपूट काढून काउंटरवर बसायच्या आणि दुपारपर्यंत घामाने ते गालावर उतरायचं. तक्रार मात्र त्यांनी केली नाही. उलट, "माझीच मान हलली असेल," म्हणाल्या.

ताईंना त्या रात्री रडू आलं. भुवईसाठी नव्हे, हातांसाठी.

इमारतीच्या तळमजल्यावर एका बाजूला ताईंचं पार्लर आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. डॉक्टरीणबाईही ताईंच्याच गिऱ्हाईक. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि अहवाल वाचून चष्मा काढून ठेवला.

"ताई, तुमचं ड जीवनसत्त्व जमिनीला टेकलंय. हाडं, स्नायू, सगळे त्याच्यासाठी ओरडतायत. ही कॅप्सूल आठवड्याला एक, जेवणानंतर, दुधाबरोबर. आणि ऊन घ्यायचं."

"काय घ्यायचं?"

"ऊन."

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. दवाखान्यात तिसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी आवाज खाली आणला. "डॉक्टर, त्याऐवजी रोज एक कॅप्सूल घेतली तर?"

"मुळीच नाही. जास्त झाली तर मूत्रपिंडाला महागात पडते. आठवड्याला एक म्हणजे एक. आणि ऊन!"

आता ताई काही अडाणी नव्हत्या. सांगितलं ते त्यांनी केलं. फक्त आपल्या पद्धतीने केलं. दुपारी दुकान बंद असे, तेव्हा त्या काचेच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसू लागल्या. पडदा बोटभर उघडा. तोंडाला, मानेला, हातांना सनस्क्रीनचा जाड थर. कोपरापर्यंत हातमोजे, डोक्याला स्कार्फ, वर गॉगल. अशा थाटात त्यांनी महिनाभर ऊन घेतलं, आणि कॅप्सूल सकाळी उठल्याउठल्या, कोऱ्या चहाबरोबर, रिकाम्या पोटी गिळली.

पुन्हा तपासणी झाली. आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरीणबाईंनी काय काय केलं ते खोदूनखोदून विचारलं, ताईंनी अभिमानाने सांगितलं, आणि डॉक्टरीणबाईंना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना.

"ताई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्ही पाहुण्याला जेवायला बोलावलंत आणि दाराला आतून कडी घातलीत. काचेतून हवं ते ऊन येत नाही. सनस्क्रीन लावलंत की उरलंसुरलंही गेलं. चेहरा झाका हवा तर, पण हात-पाय उघडे हवेत. आणि कोवळं ऊन नको, दुपारचं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ना, तेव्हाचं. थोडाच वेळ. कातडी लाल व्हायच्या आत उठायचं."

"दुपारचं? उघड्यावर? आणि कोणी पाहिलं म्हणजे?"

"गच्चीवर जा की. दुपारी कोण येतंय तिथे?" असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी घाईघाईने पुढच्या पेशंटला हाक मारली.

ताईंनी दोन दिवस विचार केला. ऊन घेतलं आणि कोणी पाहिलं, तर दुकान गेलं. ऊन नाही घेतलं, तर हात गेले; म्हणजे पुन्हा दुकानच गेलं. शेवटी हातांचं पारडं जड झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मुलीला सांगितलं, "मी घाऊकवाल्याकडे जाऊन क्रीम घेऊन येते. वेळ लागेल."

मुलगी पार्लरमध्येच त्यांच्या हाताखाली तयार झालेली. पंचविशी उलटलेली, कामाला चोख, तोंडाने अबोल. आईची सावली, असं सगळे म्हणायचे. "ये सावकाश," ती म्हणाली. "मी जरा वर जाऊन पडते."

ताई नेहमीप्रमाणे हातमोजे चढवून, पिशवी घेऊन बाहेर पडल्या, इमारतीला वळसा घातला, मागच्या दाराने पुन्हा आत आल्या आणि धापा टाकत जिना चढू लागल्या. स्वतःच्याच इमारतीत चोरासारखं शिरायची पाळी आयुष्यात पहिल्यांदा आली होती. शेवटच्या वळणावर त्या थबकल्या. गच्चीच्या दाराशी, आतल्या अंधाऱ्या पायरीवर, त्यांची मुलगी बसली होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आई!" अबोल मुलगी अचानक इतक्या खणखणीत आवाजात ओरडली की जिना दणाणला. "आई, तू इथे?"

दाराच्या पलीकडे काहीतरी धडपडलं. बादली लवंडल्याचा आवाज आला. कोणीतरी "अगं माझी चप्पल!" म्हणालं आणि कोणीतरी "शूऽऽ!" केलं.

ताईंनी मुलीला बाजूला सारलं आणि दार उघडलं.

पाण्याच्या टाकीमागे मुख्याध्यापिकाबाई होत्या. संपूर्ण मागे मावत नव्हत्या, एवढंच. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, बाह्या खांद्यापर्यंत वर. जेवणाच्या सुट्टीत आलेल्या बँकेतल्या बाई चटईखाली शिरायच्या प्रयत्नात अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाई मात्र हलल्याच नव्हत्या. पाठ उन्हाला देऊन पालथ्या पडल्या होत्या आणि डोळे गच्च मिटून झोपेचं सोंग आणत होत्या.

"ताई, मी कपडे वाळत घालायला आले होते," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. गच्चीवर एकही कपडा नव्हता.

"मी कबुतरं हाकलायला," चटईतून आवाज आला.

"मला झोपेत चालायची सवय आहे," शिंपीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

ताईंच्या हळूहळू लक्षात आलं. डॉक्टरीणबाईंनी एकेकीला इथेच पाठवलं होतं. या बायका खुर्चीत बसून माना डोलवत होत्या आणि दुपारी इथे येऊन ऊन खात होत्या. केव्हापासून, देव जाणे. पायरीवरची ती छत्री, ते "हो ताई, नाही ताई," सगळं नाटक! आणि दाराशी पहारा कोणाचा, तर पोटच्या पोरीचा!

ताईंचा पारा चढायला लागला होता. तेवढ्यात मागून मुलगी म्हणाली, "आई टाकी बघायला आलीय. नळाला पाणी कमी येतंय ना, म्हणून."

सगळ्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. "हो हो, फारच कमी येतं," बँकेतल्या बाई लगेच म्हणाल्या. आता ताईंनी टाकीत डोकावून खाली जायचं, एवढंच उरलं होतं. उद्या सगळ्या पुन्हा खुर्चीत बसल्या असत्या, ताई पुन्हा रागावल्या असत्या, आणि कोणाचंच काही बिघडलं नसतं.

ताईंनी मुलीकडे वळून पाहिलं. ती अजून उंबऱ्याच्या आतच होती. ऊन जिथे संपत होतं तिथे तिने पायाची बोटं मागे ओढून घेतली होती.

"तू का आत बसलीस?" ताईंनी विचारलं.

"मी लक्ष ठेवते."

"ते कळलं. या सगळ्या उन्हात आणि तू अंधारात का?"

शिंपीणबाईंची झोप एकदम उडाली. त्या कोपरावर उठून म्हणाल्या, "ताई, आम्ही तिला रोज बोलावतो हो. येतच नाही. म्हणते, आईला चालणार नाही."

"डॉक्टरांनी तुलाही तपासलंय?"

मुलीने होकारार्थी मान हलवली.

"आकडा किती आला?"

"तुझ्यापेक्षा खाली," मुलगी म्हणाली. "कॅप्सूल घेते मी. तू नको काळजी करू. जिना वरखाली करताना गुडघे दुखतात, तेवढंच."

गल्लीत चेंडूमागे धावणारी सहा-सात वर्षांची पोर ताईंना आठवली. तिला दंडाला धरून घरात आणलं होतं आणि खिडकीशी बसवून म्हटलं होतं, काळी पडशील, पुन्हा उन्हात दिसलीस तर बघ. पुन्हा ती उन्हात दिसली नव्हती. साऱ्या वस्तीने ताईंच्या तोंडावर हो म्हटलं आणि पाठीमागे हवं ते केलं, आणि ते बरंच झालं. ताईंचा शब्द खरोखर पाळला होता तो हिने एकटीने. त्याचं ताईंना इतकं वाईट वाटलं की दंडांची कळ त्या विसरून गेल्या.

"मी टाकी बघायला आलेले नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मी ऊन घ्यायला आलेय. माझे हात दुखतात. बँकेतल्या बाई, तुमची मान हलली नव्हती, माझाच हात हलला होता."

"मला माहीत होतं," चटईतून हळूच उत्तर आलं.

ताईंनी हातमोजे काढले, बाह्या वर सारल्या आणि चटईची मोकळी बाजू हाताने झटकली. ऊन दंडांवर पडलं. चांगलंच चटचटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

"ये," त्या मुलीला म्हणाल्या.

मुलगी उंबऱ्यावर आली आणि तिथेच थांबली. एवढी मोठी बाई, पण चेहरा अगदी खिडकीशी बसवलेल्या पोरीचा झाला होता.

"आई, काळी पडेन मी."

"पड," ताई म्हणाल्या आणि तिला जागा व्हावी म्हणून थोड्या सरकल्या.