कानबाईच्या कपाळावरचा खळगा

रीत म्हणजे रीत. खानदेशातली कुळदेवी कानबाई थोरल्याच्याच घरी बसायची. एरंडोलच्या प्रमिलाबाईंचे थोरले दीर, नाना, नोकरीपायी परमुलखात होते, म्हणून देवीचा पितळी मुखवटा इतकी वर्षं धाकटीकडे राहिला. आता नानांनी धुळ्याला घर बांधलं आणि ते देवी न्यायला येणार होते. भांडण नाही, तंटा नाही. तरी बाईंचा जीव तुटत होता. "देवी नही ते रोट कसाना?" म्हणत त्यांनी श्रावणातला रोटांचा नैवेद्यच बंद करायचं ठरवलं.

लेक पुनम जळगावला कॉम्प्युटर शिकत होती. ती म्हणाली, "आई, फोटोंवरून देवीचा आकार मोजते, अन् ओताऱ्याकडून अश्शीच दुसरी ओतून घेते."

बोलायला काय जातं! पितळ घासून घासून लख्ख. फोटो काढावा तर त्यात देवी कमी आणि पुनमचंच तोंड जास्त. चकाकी घालवायला पावडर लावू म्हटलं, तर बाई कडाडल्या, "माय शे ती, कॅरम बोर्ड नही!"

मग पुनमनं उलटा विचार केला. चकाकीत समोरचंच दिसतं ना? मग समोर ओळखीचं काहीतरी ठेवू. तिनं लॅपटॉपच्या पडद्यावर सरळ काळ्या-पांढऱ्या पट्ट्या लावून तो देवीसमोर ठेवला. देवीच्या गालावर त्या वाकल्या, नाकावर दाटल्या. पट्टी कुठं किती वाकली, त्यावरून कॉम्प्युटरनं गाल-नाक मोजलं. कपाळावर मात्र पट्ट्या भलत्याच मुरडल्या आणि मधोमध खळगा निघाला. गणितच चुकलं म्हणायचं! वैतागून तिनं ते कपाळ गुळगुळीत करून टाकलं.

सकाळी बाई चिंच-राखेनं देवी घासत होत्या. अंगठा कपाळाच्या मधोमध टेकून तिथंच गोल फिरत होता. आजीही अशीच घासायची. पुनम बघतच राहिली. लॅपटॉप उघडून तिनं खळगा होता तसा परत आणला.

नाना देवी घेऊन गेले. आठवड्यानं ओताऱ्याकडून नवी आली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"चेहरा तोच शे. पन आपली नही," त्या हळूच म्हणाल्या.

पुनमला रडू फुटायचंच बाकी होतं. बाई आपल्या सवयीनं चिंच घेऊन घासायला बसल्या. अंगठा कपाळावर गेला आणि थांबला.

"हाऊ खड्डा ते मन्ही सासूना अंगठाना शे," त्या पुटपुटल्या. डोळ्यांना धार लागली. "उनी का व माय!" त्यांची देवी घरी आली होती.

मग पदरानं नाक पुसत लेकीवर खेकसल्या, "देखस काय? ऊठ, रोटना गहू काढ!"