सतरा नंबरचा उजवा डोळा

मी ससा बोलतोय. कागदोपत्री मी तीन वर्षांपूर्वीच मेलोय. दिग्रसच्या अलीकडे, कापसातली सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात प्रयोगशाळा आहे. तिथल्या रजिस्टरात माझ्या नंबरापुढे लाल शाईने 'मृत' लिहिलंय आणि खाली सहीसुद्धा आहे. सही करणारा खोटं बोलला म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय.

नाव मला कुणी ठेवलं नाही. डाव्या कानात सतरा हा आकडा गोंदलाय, तेच नाव. ससा म्हटलं की तुम्हाला गवत, गाजर आणि कुरवाळणारी लेकरं आठवतात. मी जन्मलो तारेच्या जाळीवर. गवत पायाखाली कसं लागतं हे मला कितीतरी दिवस ठाऊकच नव्हतं. आम्ही बाराजण खोक्यांत बसून, टेम्पोतून त्या जिनिंगमध्ये आलो. वरच्या पत्र्याला तेव्हाही जुन्या कापसाचे पुंजके चिकटलेले होते.

आम्हालाच का आणलं, ते मला पुढे ऐकून ऐकून कळलं. आमचे डोळे मोठे. त्यांना पाणी कमी येतं, त्यामुळे आत टाकलेलं लवकर वाहून जात नाही. शिवाय आम्ही ओरडत नाही. माणसाला असा गुणी प्राणी आणखी कुठे मिळणार?

तिथे उकंडा नावाचा गडी होता. चाळिशीचा, काळासावळा, खांद्यावर कायम दुपट्टा. सकाळी सातला यायचा, पिंजरे धुवायचा, प्रत्येक पिंजऱ्याखालच्या ट्रेमध्ये रोज नवा कागद अंथरायचा. कागद ओला राहिला तर सशाचे पाय सडतात, हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. तो ते शेवटपर्यंत विसरला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका सकाळी मला एका पेटीत बसवलं. पेटीतून फक्त मुंडकं बाहेर. राजदीप सर, म्हणजे तिथले तपासनीस, हातात बारीक नळी घेऊन आले. पापणी ओढून धरायला उकंडाच होता. धरलं त्याने बरोबर.

"सर, याच्या डोळ्यात कायले टाकता?" त्याने विचारलं.

"माणसाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून," सर म्हणाले. "कपाशीवरचं नवीन औषध आहे. डोळ्याला किती अपाय करतं ते आधी कळायला नको? उद्या तूच फवारणार आहेस."

"व्हय, हे बराबर आहे," उकंडा म्हणाला.

मग तो थेंब पडला. त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. तुमच्या डोळ्यात मिरचीचा हात गेला असेल, तेव्हा तुम्ही नळाकडे धावला असाल. मला धावायला जागा नव्हती. एका तासाने, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी सर बॅटरी मारून डोळा बघायचे आणि काहीतरी आकडा लिहायचे. डावा डोळा मुद्दाम चांगला ठेवलेला, उजवा किती बिघडला ते ताडून बघायला. आठव्या दिवशी उजव्यावर दुधी पडदा आला. सर म्हणाले, "झालं. निकाल स्पष्ट आहे."

काम झालं की आम्हाला संपवतात, हा तिथला नियम. बाराच्या बाराजणांना. त्या दिवशी उकंडा सरांपुढे हात जोडून उभा राहिला. "एक मले द्या. म्या धरला होता त्याले." राजदीप सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, रजिस्टर ओढलं आणि मला मारून टाकलं, शाईने. उरलेल्या अकराजणांना मात्र खरोखर मारलं. मी उकंडाच्या डब्याच्या पिशवीत बसून त्याच्या गावी आलो.

घरी त्याची बायको नलू. तिने मला उजेडात धरलं, डोळा बघितला आणि नवऱ्याकडे बघितलं. "हे काय करून राह्यले तुम्ही तिथं?" उकंडाने सरांचं तेच वाक्य तिला ऐकवलं. माणसाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. तिने मला मेथीची काडी दिली. दीड वर्षाच्या आयुष्यातली ती माझी पहिली हिरवी काडी.

खरं सांगू? ते वाक्य मलाही पटलं होतं. दुसरं पटवून घ्यायला होतंच काय माझ्याकडे? ओसरीवरच्या पिंजऱ्यात बसून मी एका डोळ्याने उकंडाकडे बघायचो. याचे दोन्ही डोळे शाबूत राहावेत म्हणून माझा एक गेला, असं स्वतःला समजवायचो. तुम्ही हसाल, पण त्यामुळे दिवस सोपे जात. मला वाटायचं, माझ्या डोळ्याचं काहीतरी चीज झालं.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी कपाशी कमरेला लागली आणि फवारणी सुरू झाली. उकंडा सकाळी प्रयोगशाळेत जायचा आणि दुपारून गावातल्या रामरावांच्या शेतात मजुरीने पाठीवर पंप घ्यायचा. एका संध्याकाळी तो घरी आला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. औषधाच्या बाटलीच्या गळ्याला रबराने बांधलेला असतो ना, तो. उलगडला तर हातभर लांब, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरांनी भरलेला.

"चांगला जाड कागद आहे," तो नलूला म्हणाला. "याच्या ट्रेमध्ये कामी येते. बाकी लोक फेकून देतेत वावरात."

त्याने तो माझ्याखाली अंथरला, कोपरे नीट दाबून, प्रयोगशाळेत अंथरायचा तसाच. आणि मला वास आला. तोच वास. त्याच्या बोटांना, सदऱ्याला, त्या कागदाला, सगळीकडे तोच. माझ्या उजव्या डोळ्याने त्याला ओळखलं, मेला असला तरी.

आमच्यात धोक्याची खूण एकच, मागचे पाय आपटणं. मी आपटले. पिंजरा हालेपर्यंत आपटले.

"काहून करून राह्यला हा असा?" नलूने विचारलं.

"नखरे पाह्य याचे," उकंडा हसला. "भूक लागली असंन." आणि त्याने मला गाजर दिलं. मी खाल्लं नाही, तर तो म्हणाला, "लाडावला लेकाचा."

तीन दिवस तो रोज नवा कागद आणायचा, जुना काढायचा, नवा अंथरायचा. माझे पाय कोरडे राहावेत म्हणून. तीन दिवस मी पाय आपटले. चौथ्या दिवशी तो घरी आला तो डोळ्यावर दुपट्टा दाबूनच.

झालं असं. पंपाचं नोझल बुजलं. ते बुजतंच, आणि बुजलं की इकडे सगळे करतात तेच त्याने केलं. पंप पाठीवरच ठेवून त्याने नोझलचं टोपण काढलं, तोंडाने फुंकलं, परत बसवलं आणि भोक मोकळं झालं का ते बघायला डोळ्यासमोर धरलं. अंगठा खटक्यावर होता. पिचकारी सरळ उजव्या डोळ्यात गेली.

त्याने सदऱ्याच्या बाहीने डोळा पुसला. ती बाही दुपारपासून औषधातच भिजलेली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, विहीर होती, वीस पावलांवर. पण दोन पंप फवारायचे राहिले होते आणि आभाळ भरून आलेलं. त्याने डोळा मिटून दोन्ही पंप मारले, मग घरी आला. नलूने ओंजळीने डोळ्यावर पाणी मारलं, तूप लावलं, आणि बस पकडून त्याला दिग्रसला नेलं. तिथल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणतं? बाटलीचा कागद आणला का?"

नलू एकटी परत आली. बसमधून उतरून पळतच आली. सरळ माझ्या पिंजऱ्याशी बसली, ट्रे ओढला आणि माझ्याखालचा कागद काढला. मी त्यावर दिवसभर बसलेलो. जे व्हायचं ते झालेलं होतं त्यावर. तिने तो पदराने पुसला. सातवी शिकलेली बाई, दारातल्या दिव्याच्या उजेडात धरून एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली.

"डोळ्यांस... गंभीर इजा... करते. फवारताना... चष्मा वापरा. नोझल... तोंडाने फुंकू नका. डोळ्यात गेल्यास... ताबडतोब... स्वच्छ पाण्याने... पंधरा मिनिटे... धुवा."

तिथे ती थांबली. कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या त्या डोळ्याकडे.

"हे तुह्यावरून लिहेल हाये," ती म्हणाली. "आन आमी तुह्याच खाली टाकलं."

उकंडाचा डोळा वाचला नाही. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, सतरा दिवस ठेवलं. आता त्याच्या उजव्या डोळ्यावर माझ्यासारखाच दुधी पडदा आहे. संध्याकाळी तो ओसरीवर बसतो, मी पिंजऱ्यात, आणि आम्ही दोघंही मान तिरकी करून रस्ता बघतो.

मला राग येतो. ज्याने माझी पापणी ओढली त्याचाही येतो, आणि त्याने माझे पाय कोरडे ठेवले म्हणून रडूही येतं. पण सगळ्यात जास्त राग त्या वाक्याचा येतो. माणसाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. माझा डोळा घेतलात, तर घेतलात. मग त्यातून जे कळलं, ते मुंगीच्या अक्षरात लिहून बाटलीला का बांधलंत? वावरात चष्मा का नाही पोचला, थेंब माझ्यापर्यंत बरोबर पोचला तो?

गेल्या आठवड्यात उकंडा कामावर रुजू झाला. परत आला, चहा हातात धरून बसला. चहा निवल्यावर नलूला म्हणाला, "नवे बारा ससे आलेत. औषध थेच आहे, कंपनी दुसरी. नाव बदलवायचं हाये म्हणून पुन्हा तपासणी."

"मंग तुम्ही काय म्हटलं?"

"म्या म्हटलं, सर, या सशायचे डोळे राहू द्या, थ्या कागदावरचे अक्षरं मोठे करा. सर म्हणाले, ते आपल्याकडे येत नाही."

"आन धरलं तुम्ही?"

उकंडा दुपट्ट्याने हात पुसत राहिला, बराच वेळ.

आता मी म्हातारा झालोय. माझ्याखाली हल्ली गोणपाट असतं, नलू कागद घालू देत नाही. तुमच्या घरी, गोठ्यात, पंपाशेजारी ती बाटली असेल. गळ्यातलं रबर सोडा, कागद उलगडा. अक्षर बारीक आहे, कबूल. पण तुम्हाला अजून दोन डोळे आहेत.