दार धरून उभी राहिलेली

धाकटीचं पुस्तक थोरलीने वाचून संपवलं आणि पहिलं काम काय केलं, तर ते भिंतीवर फेकून मारलं. मग उठून उचललं, दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला आणि स्वतःवरच चिडली. फेकायचं तर फेकावं, पुन्हा त्याचे लाड कशाला करायचे? पण तिचा स्वभावच तो. रागसुद्धा तिला धड करता यायचा नाही.

पुस्तक अजून बाजारात आलं नव्हतं. छापायला जाण्याआधीची एक प्रत धाकटीने मुद्दाम पाठवली होती आणि वर निरोप दिला होता, "ताई, रविवारी येते. तुझं मत हवंय. अगदी खरं." खरं मत मागणाऱ्याला कौतुक हवं असतं, हे थोरलीला तिच्या धंद्याने शिकवलं होतं. ती कवळ्या करायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चकाकी आणायची. कवळी तोंडात गेली की माणसं आरसा धरून विचारायची, "कशी दिसते?" त्यावर काय बोलायचं ते ठरलेलं असायचं.

पण या रविवारी तिलाही धाकटीकडून काहीतरी हवं होतं. चिनी मातीचे दात करायला शिकवणाऱ्या सहा महिन्यांच्या वर्गासाठी दवाखान्याच्या डॉक्टरांनी तिचं नाव पुढे केलं होतं. वर्ग दुसऱ्या गावी, आणि होकार सोमवारी कळवायचा. आईला एकटं ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. धाकटीचं काम लिहिण्याचं, ते कुठेही बसून होतं, म्हणजे इथे बसूनही झालं असतं. फोनवर थोरलीने तीनदा विषय काढला होता आणि तिन्ही वेळा धाकटी मुखपृष्ठावरच्या रंगाबद्दल बोलत राहिली होती.

आणि आता हे पुस्तक. जुन्या परीकथेचा नवा अवतार, तरुण मुलामुलींसाठी. गोष्ट मुळात आईची. आई इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळी करायची. दुपारी जेवण झालं की पडदे ओढून दोघींच्या मधे आडवी व्हायची आणि गोष्ट सांगायची. एका राणीला झोप येत नसते. डोंगरात एक दगडी दार असतं, त्याच्या पलीकडे झोपेचं तळं. राणीसाठी झोप आणायला तिच्या दोन मुली निघतात. पण दार आपोआप मिटतं, म्हणून एकीने ते धरून ठेवायचं. धाकटी राजकन्या आत जाते आणि थोरली दार धरून उभी राहते. इथवर आलं की आईचाच डोळा लागायचा.

पुस्तकात ही थोरली अर्ध्यावर दार सोडून देते. का? तर मत्सराने. मग आत अडकलेल्या धाकटीला एक तरुण भेटतो, त्याच्या डोळ्यांत म्हणे वादळ असतं, आणि पुढची कित्येक पानं ती ते वादळ बघत बसते. राणी तिकडे टक्क जागी आहे, याची कुणाला आठवणही नाही. थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली ती तिथे.

रविवारी धाकटी आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "वाचलंस?"

"हळू बोल. आई आत्ताच झोपलीय."

दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या. थोरलीने चहा पुढे ठेवला. "भाषा छान आहे," ती म्हणाली.

"म्हणजे आवडलं नाही."

"त्या पोराचं काय काम आहे त्यात?"

"ताई, सोळा वर्षांच्या मुलींना ते लागतं."

"सोळाव्या वर्षी मला चष्मा लागला होता."

धाकटी हसली, पण कप ओठांपाशी नेऊन तिने तो तसाच खाली ठेवला. "आणि?"

आणि काय? दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवणारी ही बाई स्वतःचं तोंड उघडायला मात्र घाबरत होती. आज हिला दुखावलं तर सोमवारचं काय, हा हिशेब तिच्या मनात चालू होता आणि त्या हिशेबाचीच तिला चीड येत होती.

"थोरलीने दार का सोडलं?" तिने शेवटी विचारलं.

"कारण इतकी वर्षं कुणी नुसतं दार धरून उभं राहत नाही. वाचकांना पटत नाही ते. संपादक म्हणाले, हिला मनच नाही, हा नुसता खांब आहे, हिला काहीतरी हवं असलं पाहिजे. म्हणून मी तिला मत्सर दिला."

"दिलास? तिला आधीपासूनच हवं होतं की."

"काय?"

"आत जायचं होतं. तिलाही ते तळं बघायचं होतं. म्हणून तर धाकटी ओंजळ भरून परत येते आणि म्हणते, आता तू जा, मी दार धरते."

"ते वाक्य मी काढलं," धाकटी म्हणाली. "आईचं म्हणून जीव तुटला, पण ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटत होतं. अर्धवट झोपेत आई काहीही सांगायची गं."

थोरलीचे कान तापले. इतकी वर्षं ती यावर काही बोलली नव्हती, बोलायची गरजही पडली नव्हती. पण आता तिने कप बाजूला सारला.

"आई कधी शेवटापर्यंत पोहोचलीच नाही. दाराशी आलं की घोरायला लागायची. मग तू भोकाड पसरायचीस. तू रडलीस की ती उठायची आणि रात्री पुन्हा उभ्याने कपडे पिळायला जायची. म्हणून मी तिच्या पाठीआडून पुढचं सांगायचे. आवाज जड करून, तिच्यासारखा. तुझे डोळे मिटलेले असायचे, तुला काय कळणार?"

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "तो आवाज तुझा होता?"

"नऊ वर्षांची होते मी. आलं असेल ओढूनताणून."

धाकटीने प्रत ओढून घेतली, शेवटची पानं चाळली, आणि तिच्यातली लेखिका जागी झालीच. "मग पुढे काय होतं? थोरली आत जाते, तळ्यापाशी पोहोचते, आणि?"

"मला काय माहीत?"

"असं कसं? तूच सांगायचीस ना."

"तिथवर तू झोपलेली असायचीस," थोरली म्हणाली. "मग मी सांगणं थांबवायचे. ती आत गेलेली मी कधी सांगितलीच नाही."

हे म्हणताना तिचा आवाज फाटला आणि तिला स्वतःचाच संताप आला. त्या संतापातच तिने उरलेलं सगळं बोलून टाकलं. वर्ग, सहा महिने, सोमवार. विनंतीच्या सुरात बोलायचं तिने ठरवलं होतं, पण ते निघालं भांडणासारखं.

धाकटी खाली बघत कोपऱ्यावरची ती घडी नखाने उलगडत होती. "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू मुखपृष्ठाचा रंग सांगत होतीस."

तेवढ्यात आतून हाक आली. "थोरले."

थोरलीचे हात सवयीने खुर्चीच्या हातांवर गेले. धाकटीने, तिच्याही सवयीने, चहाचा कप उचलला. थोरली अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली. हाक दुसऱ्यांदा आली, जरा चिडून.

धाकटीने कप ठेवला. "या वेळी काय लागतं तिला?"

"जा आणि विचार."

धाकटी आत गेली. आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "तू नको. थोरलीला बोलाव."

मग धाकटी म्हणाली, "ती घरात नाही, आई. मी आहे."

बाहेरच्या खोलीत थोरली, खुर्ची वाजू नये म्हणून, श्वास रोखून बसून राहिली.