बहीण लिहायचं की व्याही

एकसष्टच्या उन्हाळ्यात ग्रामसेवक बळीराम आमच्या तांड्यावर आला आणि नायकाच्या दारातल्या लिंबाखाली बसून जपानातल्या एका शहराची गोष्ट सांगू लागला. त्या शहराला म्हणे बहिणी आहेत. दोन त्याच्याच देशात, एक समुद्रापलीकडे अमेरिकेत. बहीण म्हणजे दुसरं शहरच. इकडची माणसं तिकडे जातात, तिकडची इकडे येतात, एकमेकांचं पाहून शिकतात.

"एवढ्या लांब देली, तं माहेरी कवा येते ते?" माझी बायको चंदाबाई म्हणाली.

"आन् भाऊबीजेचं लुगडं कोन धाडते?" मागून कोणीतरी विचारलं. बायका खदखदल्या.

बळीरामही हसला. मग म्हणाला, आपल्याकडेही अशी एक जोडी करायची. तुमचा तांडा आणि नदीपलीकडचा खेमसिंगचा तांडा. दोघी बहिणी.

हसू तिथंच थांबलं. होळीला माझ्या जमनीची सगाई खेमसिंगच्या डोंगरसिंगाशी झाली होती. साऱ्या तांड्यानं गूळ खाल्ला होता. आता तांडेच बहिणी झाले, तर ती दोघं मावसभावंडं झाली.

"मावसभावाले पोरगी देते का कोनी?" चंदाबाईनं विचारलं.

"अवो बाई, कागदावरचं नातं हाय हे."

"कागदावरचं पुसाचं कसं मंग?" नायक धनसिंग म्हणाला.

मला आधी सरकारचाच संशय आला. आम्हाला कुणाशी बांधून सरकारला काय मिळणार? बळीराम निघाला तसा मी त्याच्याबरोबर पांदीपर्यंत गेलो.

"नदीपलीकडचाच तांडा काहून? घाटंजीकडचे तांडे मेले काय?"

"खेमसिंगजीनंच सुचवलं. म्या तं इचारलंबी नव्हतं."

होळीला गूळ खाल्लेल्या व्याह्याला आता बहीण कशाला हवी, हेच मला कळेना.

दिग्रसच्या बाजारात जिनिंगसमोर खेमसिंग भेटला. एरवी रामराम करून पुढे जाणारा माणूस. त्या दिवशी त्यानं चहा सांगितला, भजी सांगितली, खांद्यावर हात ठेवला. बैलांची चौकशी केली, विहिरीच्या पाण्याची केली. जमनीचं नाव काढलं नाही.

"सरकारचं काम हाय, शंकरसिंग," तो म्हणाला. "आपलं काय चालते?"

बांधाच्या भांडणात पटवाऱ्याच्या अंगावर काठी घेऊन धावलेला हा माणूस. आज ग्रामसेवकाला भ्याला?

दोन्ही तांडे आमच्या लिंबाखाली जमले. बळीरामनं कागद काढला. मी उठलो.

"बहीण कायले लिवता? व्याही लिवा. येनं-जानं राह्यते, पोरीचं नातंबी राह्यते."

"चालते की!" बळीराम खूश झाला. "जपानवाले काय पाहाले येऊन राह्यले?"

सगळे हसले. मी खेमसिंगकडेच पाहत होतो. तो हसला नाही.

"बहीणच असू द्या," तो म्हणाला. "वरून तसंच आलं असन."

"वरून काई नाई आलं. जागा कोरीच हाय," बळीराम भोळेपणानं म्हणाला.

नायकानं चिलीम खाली ठेवली. "खेमसिंग, सीधा बोल. पोरगी पाह्यजे का नाई?"

खेमसिंग तंबाखू मळत राहिला. "पोरगा आता यवतमाळले नोकरीवर हाय. महागावहून सातवी शिकलेली पोरगी सांगून आली. म्या आजून हो म्हनलं नाई. पन..."

मी पायातलं पायताण चाचपलं. तेवढ्यात बायकांतून जमनी उभी राहिली. मोठ्या माणसांत ती कधी तोंड उघडत नसे.

"नायकबाबा, बहीणच लिवा," ती म्हणाली. "नवऱ्याचं आयकून घ्या लागते. भावाले दोन शिव्या तरी देता येते."

हसावं की नाही, कुणाला कळेना. पहिल्यांदा खेमसिंगचीच बायको तोंडाला पदर लावून हसली.

बळीरामनं 'बहीण' लिहिलं. खेमसिंगला हवं होतं ते मिळालं, तरी अंगठा देताना त्याची मान वर झाली नाही.

मग शाई माझ्यापुढे आली. सही तेव्हा मलाही येत नव्हती. मी जमनीकडे पाहिलं. ती खाली बसली होती, घुंगट पुढे ओढला होता. मी थांबलो. बळीराम खाकरला, तरी थांबलो. घुंगटाआडून तिनं मान हलवली, तेव्हाच मी अंगठा शाईत बुडवला.