शेवटचा घाणा

झुरळं मारायचं औषध बनवणाऱ्याच्या घरातच झुरळं, यावरून पियूषच्या सासरचे लोक त्याची फार थट्टा करायचे. दिव्याखाली अंधार, म्हणायचे. पियूषही आधी हसून घ्यायचा. चैत्र लागला तसं त्याचं हसू पार आटलं, कारण आता घरचीच काय, अख्ख्या नागपुरातली झुरळं त्याच्या औषधाला तोंड लावेनाशी झाली होती.

औषध म्हणजे फवारा नव्हे आणि खडूही नव्हे. सिरिंजमधून ओट्याच्या फटीत, सिंकच्या खाली मुगाच्या दाण्याएवढा ठिपका द्यायचा, तो जेल. साखरेचा पाक, शेंगदाण्याचं तेल, भाजलेलं पीठ, ओलावा टिकावा म्हणून ग्लिसरीन, आणि विष म्हणाल तर नावाला. विष काय, कोणीही घालेल. झुरळानं ते आवडीनं खायला पाहिजे, खाऊन बिळात जायला पाहिजे आणि मरताना भाऊबंदांनाही सोबत न्यायला पाहिजे. हा स्वयंपाकच आहे, पियूष म्हणायचा, फक्त पाहुणा पुन्हा यायला नको.

हिंगण्याच्या एका मोठ्या कंपनीत तो हेच काम करायचा. वडील गेले आणि वर्षभरात त्यानं ती पक्की नोकरी सोडून तिथल्याच एमआयडीसीच्या मागच्या रांगेत स्वतःचं छोटं शेड घेतलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला, असं नात्यातले झाडून सगळे म्हणाले. आई, शामलाबाई, तेवढी काही बोलली नाही. ती तेव्हा कोणाशीच बोलत नव्हती. नवरा गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

मशीनच्या पूजेच्या दिवशी मोठ्या काकूनं पियूषला बाजूला घेतलं. "शुभ काम आहे बापा. बायकोले बसव पूजेले. सवाष्णीचा हात लागू दे." पियूषचं डोकंच फिरलं. सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "माह्या कारखान्याची पूजा माही आईच करते. ज्याले पटत नसन त्यानं घरी जावं." शामलाबाई उठली, तोंड धुतलं, बऱ्यापैकी लुगडं नेसली आणि जेल घोटायच्या भांड्याभोवती कापूर ओवाळला. त्या दिवसापासून ती माणसात आली.

पुढं तो रिवाजच पडला. कामगार 'बॅच' म्हणायचे, ती 'घाणा' म्हणायची, जणू आत भजीच तळायची आहेत. घाण्याच्या दिवशी पोराच्या मोटरसायकलवर मागं बसून ती हिंगण्याला यायची, उघड्या भांड्याभोवती आरती फिरवायची आणि मगच सुभद्राबाईनं बटण दाबायचं. सुभद्राबाई म्हणजे भांड्यापासून सिरिंजा भरण्यापर्यंत सगळं सांभाळणारी बाई. पहिले घाणे बरे गेले. मग एका हॉटेलातून तक्रार आली, की झुरळं याले तोंड बी लावून नाही राहिली. शामलाबाईनं कापराची एक वडी होती तिथं मूठभर केली. आणखी तक्रारी आल्या, तशी तिनं भांड्याच्या वर खिळ्याला कापराची पोटली टांगली, कोणाची नजर लागली असेल तर उतरावी म्हणून.

इकडं पियूष पाककृती बदलत होता. तूप घातलं, केळं घातलं, एकदा तर सावजी मसालाही घालून पाहिला. शेडच्या कोपऱ्यात, काठाला व्हॅसलीन फासलेल्या बादल्यांत त्यानं झुरळं पाळली होती, ती प्रत्येक ठिपक्यावर तुटून पडायची. बाहेरची मात्र जवळ यायची, मिशा हलवायची आणि माघारी फिरायची. दुकानदारांनी खोकी परत केली. रात्र-रात्र विचार करून त्याचे डोळे खोल गेले.

शेवटी उरले एक गोपाळराव. धंतोलीतल्या लहान मुलांच्या एका दवाखान्याचं स्वयंपाकघर ते बघायचे. वडिलांचे जुने मित्र. तिथं दुधाच्या खोलीतही झुरळं फिरत होती. "पियूष," ते म्हणाले, "या खेपेस झालं तं पूर्ण दवाखान्याचं काम तुलेच. नाही झालं तं मले बाहेरच्या पार्टीले बोलवा लागन." तेही गेलं असतं तर शेडला कुलूप घालण्यावाचून काही उरत नव्हतं, आणि आईनं ज्यांच्यापुढं मान वर केली होती त्यांच्यापुढं ती पुन्हा खाली जाणार होती. पियूषला या दुसऱ्या गोष्टीचीच भीती जास्त वाटत होती.

वैतागून एका रविवारी त्यानं घरच्याच मिक्सरमध्ये वाटीभर जेल केलं. रीना, त्याची बायको, मिक्सरवरून जे बोलली ते इथं न सांगितलेलंच बरं. संध्याकाळी त्यानं ते गॅसच्या मागं लावलं, लाईट घालवला आणि थोड्या वेळानं टॉर्च मारला. घरची झुरळं पंगत बसावी तशी ठिपक्याभोवती बसली होती. त्यानं घाईनं कारखान्यातली सिरिंज आणून शेजारी दुसरा ठिपका दिला. माल तोच, माप तेच. त्याच्याकडे एकही फिरकलं नाही.

रीनानं सिरिंज नाकाशी नेली. "याले तं आरतीचा वास येऊन राहिला," ती म्हणाली.

पियूषनं हुंगून पाहिलं. त्याला काहीच येईना. वर्षभर त्या शेडमध्ये राहून त्याचं नाक कापराला इतकं सरावलं होतं की आता कापूर त्याला कळतच नव्हता. पण डोक्यात लख्ख उजेड पडला. झुरळाला कापूर सोसत नाही, हे तो कॉलेजात शिकला होता. तेल आणि पाक तर वास धरून ठेवतात. आणि बादल्यांतली झुरळं? ती बिचारी त्या वासातच जन्मली होती. त्यांना वाटायचं, जग असंच असतं. त्याला आनंद व्हायला पाहिजे होता. आलं ते रडू.

"सांगून टाका आईले," रीना म्हणाली. "साधी गोष्ट आहे."

"साधी नाही वं," तो म्हणाला.

त्या आरतीनंच आईला अंथरुणातून उठवलं होतं. त्याच आरतीनं पोराचा धंदा बुडवला, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यानं ठरवलं, सांगायचं नाही, नुसतं टाळायचं. शिकलेल्या माणसाची दया ही अशीच अर्धवट असते. ती अर्धं बोलते आणि उरलेलं समोरच्यानं मनानं भरून घ्यावं म्हणून सोडून देते.

"आई, उद्याच्या घाण्याले तू नोको येऊ," तो जेवताना म्हणाला. "ऊन लई आहे."

"अन् आरती?"

"या खेपेस राहू दे."

शामलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. काहून, असं तिनं विचारलं नाही. "बरं," म्हणाली आणि ताटातली पोळी तशीच ठेवून हात धुवायला उठली. ती समजून घेते आहे, असं पियूषला वाटलं, आणि त्याला हायसं झालं.

सकाळी त्यानं पोटली काढून फेकली. भांडं सोड्यानं घासून काढलं, साखर-तेल नवं आणलं, दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. घाणा चढवला. पाक निवायला वेळ लागणार होता आणि रिकाम्या सिरिंजांची पेटी ट्रान्सपोर्टवाल्याकडे अडकली होती, म्हणून ती आणायला तो गेला. परत आला तोवर भांड्यावर झाकण होतं आणि सुभद्राबाई सिरिंजांची वाट पाहत बसली होती. बादलीतल्या झुरळांना दिलं, ती तुटून पडली. एक सिरिंज घरी नेऊन गॅसमागं लावून पाहायची, एवढीच अक्कल त्याला सुचायला पाहिजे होती. पण गोपाळरावांनी त्याच संध्याकाळी बोलावलं होतं, आणि माणूस खात्रीत असला की आंधळा असतो.

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात त्यानं ओळीनं ठिपके दिले. प्रत्येक फटीत, फ्रिजच्या रबरामागं, दुधाच्या खोलीत कपाटाच्या बिजागरीत. देताना तो देवाचं नाव घेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची पातेली चढायच्या आत तो तिथं पोचला. गुडघ्यांवर बसून त्यानं पहिल्या फटीत टॉर्च मारला. ठिपका होता तसा, गोल, चकचकीत. दुसऱ्या फटीत तसाच. फ्रिजमागं तसाच. कपाटाच्या बिजागरीत एक मोठं झुरळ ठिपक्यापासून वीतभर दूर निवांत बसलं होतं. पियूषनं बोटानं ठिपका त्याच्याकडे सरकवला, अक्षरशः खा बाबा म्हणून सरकवला. ते भिंतीवर चढून गेलं.

दारात एक बाई कडेवर लेकरू आणि हातात दुधाची बाटली घेऊन उभी होती. "दुसरं दूध भेटन काय? याच्यात झुरळ पडलं होतं," ती गोपाळरावांना म्हणाली. गोपाळरावांनी बाटली घेतली आणि ती जाईपर्यंत थांबले.

"काका, अजून एक डाव," पियूष म्हणाला. "मले कारण माहीत आहे. मी पाय धरतो तुमचे."

"उठ गा, असं नोको करू." त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. "तुह्या बाबासाठी मी इतके दिवस थांबलो. मले बी जबाब द्यावा लागते. पार्टी दुपारी येऊन राहिली." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तो तडक शेडवर आला. "सुभद्राबाई, काल मी गेल्यावर कोणी आलतं काय?"

"काकू आल्त्या ना, तुमच्या आई. ऑटोनं."

"आरती केली?"

"त्यायनं नाही केली, भाऊ. त्या तं आत बी नाही आल्या." सुभद्राबाई पदराशी चाळा करत राहिली. "दाराबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. मले कापराची पुडी देल्ली अन् म्हणे, तू सवाष्ण आहेस, तुह्या हातानं ओवाळ. या डाव मोठी आरती कर म्हणे, शेवटचा घाणा आहे. मी म्हटलं, तुमीच करा ना काकू, नेहमीसारकी. तं म्हणे, नाही वं. पियूषले बी कळलं आता. तो तोंडानं नाही बोलला, पण त्याले कळलं."

पियूष भांड्याला टेकून उभा राहिला. सगळ्या नात्याच्या तोंडावर तो ज्या गोष्टीविरुद्ध भांडला होता, तीच त्यानं स्वतःच्या तोंडानं आईला सांगितली होती. ऊन लई आहे, एवढ्या तीन शब्दांत. धंदा गेल्याचं दुःख त्या क्षणी कुठल्या कुठं गेलं. हे दुःख त्याहून मोठं होतं.

घरी आई कूलरसमोर बसून सांबार निवडत होती. कोथिंबिरीला नागपुरात सांबारच म्हणतात. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि या खेपेस काहीही हातचं न राखता त्यानं सगळं सांगितलं. कापूर, झुरळं, पाकात धरलेला वास, बादल्या, सगळं. "तुह्या हाताचं काहीच नव्हतं आई. माही चूक झाली. मी तवाच सांगाले पाहिजे होतं."

शामलाबाईनं ऐकून घेतलं. मग त्याच्या केसांवरून हात फिरवायला उचलला, आणि मध्येच मागं घेतला.

"मले बरं वाटावं म्हणून कापराचं नाव घेऊन राहिला तू," ती म्हणाली. "लहानपणापासून तसाच आहेस. कापूर कुठी वाईट असते काय, बाबू? देवापुढं जळते तो."

"आई, खोटं नाही बोलून राहिलो. मी दाखवतो तुले. तू आपल्या डोळ्यानं पाह्य."

संध्याकाळी त्यानं गॅसमागं दोन ठिपके दिले. एक घरच्या वाटीतल्या जेलचा, एक दवाखान्यात लावलेल्या घाण्यातला. लाईट घालवला. दोघं मायलेकं स्वयंपाकघराच्या फरशीवर शेजारी बसली. अंधारात तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. जरा वेळानं त्यानं टॉर्च लावला. घरच्या ठिपक्यावर झुरळांची गर्दी झाली होती. दुसऱ्याजवळ एक गेलं, थबकलं, मागं फिरलं.

"पाह्यलं?" पियूष म्हणाला. "दिसलं ना आता?"

शामलाबाई वाकून बराच वेळ बघत राहिली. "हे कोणी बनवलं?" तिनं घरच्या ठिपक्याकडे बोट केलं.

"मीच. रविवारी, घरी."

"मी कुठी होती तवा?"

त्याला आठवलं. "मंदिरात गेलती तू."

"हं. अन् हे कारखान्यातलं."

"पण त्याले तुहा हात कुठी लागला आई? ओवाळलं सुभद्राबाईनं."

"पुडी म्याच बांधून देल्ली होती," ती म्हणाली.

वासाबद्दल, तेलाबद्दल, मिशांबद्दल पियूषजवळ बोलायला खूप होतं. आयुष्यभर तेच शिकला होता तो. पण समोरच्या दोन ठिपक्यांतून तिला जे दिसत होतं तेही तितकंच स्वच्छ दिसत होतं, आणि ते खोडून काढायला त्याच्याजवळ तिच्या हातचा, बिनकापराचा तिसरा ठिपका नव्हता. तो तिचा हात धरायला गेला. तिनं तो पदराखाली घेतला.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, लाईट लावला, देव्हाऱ्यापाशी आली आणि दोन पावलं अलीकडेच थांबली.

"रीना," तिनं आतल्या खोलीकडे हाक मारली, "दिवा तू लाव वं बाई. आजपासून देवाचं तूच पाहत जा."