चिकटपट्टीखालचं बटण

मी एक जुना एक्स्टेंशन बोर्ड आहे, मित्रांनो. दमलोय, म्हणून जरा सावकाश बोलतो.

जळगावातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात मला लाकडी पेटीवर सनमायका ठोकून बनवलं. तेव्हा मी कसा चकचकीत होतो! लग्नाच्या मांडवात माझ्यावर फोकस लागले, उन्हाळाभर कूलर चालले. कोणी प्लग काढताना वायर धरून हिसकायचं, कोणी पाय देऊन पुढे जायचं. काम झालं की बटण बंद करावं, एवढंही कुणाला सुचायचं नाही. जरा बंद करा रे मला, एवढंच मला जन्मभर वाटत आलं.

शेवटी मी प्रेमराजच्या घरी माळ्यावर पडलो. प्रेमराज पाइपच्या कारखान्यात कामाला. लहानपणी त्याला व्हिडिओ गेमचं भारी वेड होतं. त्याचे वडील चुडामणनाना डाळमिलमधून सुटले की थेट गेमच्या दुकानात जायचे आणि कान धरून त्याला घरी आणायचे. मोठेपणी प्रेमराजने हौसेने प्लायवूडचं कपाट करून घरातच गेम मांडला. आत कॉम्प्युटर, वर जुना स्क्रीन, पुढे दांडी आणि बटणं.

मग नानांना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, आणि नाना संध्याकाळी मुलाशेजारी बसून गेम खेळू लागले. पण कॉम्प्युटर पुढच्या एका बटणावर लागायचा आणि स्क्रीनचं बटण मागे, भिंतीकडे. नानांचा हात तिथे पोचेना. ज्याला कान धरून ओढत आणलं, त्यालाच आता 'गेम लावून दे' कसं म्हणायचं? दुपारभर ते काळ्या स्क्रीनसमोर बसून राहायचे. माळ्यावरून पाहताना मला फार वाईट वाटायचं.

प्रेमराजने ते ओळखलं. मला माळ्यावरून काढलं, पुसलं, माझ्या पोटात एक रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच बसवला, मला कपाटात ठेवलं आणि भिंतीवरच्या सॉकेटला जोडलं. कॉम्प्युटर वीज ओढू लागला की रिले टक् करतो आणि स्क्रीनला वीज मिळते. कॉम्प्युटर बंद झाला की स्क्रीनही बंद.

"नाना, पुढचं हे एकच बटण दाबायचं. बाकी सगळं आपोआप," प्रेमराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना नानांनी लुळा हात डाव्या हाताने उचलला, बोट बटणावर ठेवलं आणि दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. कपाळावर घाम आला. मी आत तसाच पडून होतो, कारण माझ्यात वीजच नव्हती. बेबाबाईंना, म्हणजे प्रेमराजच्या आईला, खोलीतून बाहेर पडताना त्या सॉकेटचं भिंतीवरचं बटण बंद करायची सवय. वीज वाया जाऊ नये म्हणून हो, दुसरं काही नाही.

नानांना ते काय ठाऊक! संध्याकाळी प्रेमराजने बोलावलं तर म्हणाले, "आज नको." पुढेही नकोच. त्यांनी बोटं हलवणंच सोडलं. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण बोर्डाला कुठलं तोंड?

एकदा धरणगावहून त्यांच्या भावाचा फोन आला. नाना हळूच अहिराणीत म्हणाले, "मन्हा बोटमा जीवच नही शे आते. एक बटन दाबाले जमनं नही."

बेबाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी भिंतीवरचं बटण चालू केलं.

"अहो, एकदाव दाबी पहा ना."

"कशाले?"

"मी सांगस म्हणून."

नानांनी नाराजीनेच बोट ठेवलं. कॉम्प्युटर घुरघुरला, माझ्या पोटात टक् झालं आणि स्क्रीन उजळला. नाना स्क्रीनकडे पाहायचं सोडून आपल्या बोटाकडेच पाहत राहिले. बेबाबाईंनी पदराने डोळे पुसले, आपली चूक सांगितली आणि मग भिंतीवरच्या बटणावर आडवी-उभी चिकटपट्टी लावली.

आता मी दिवसरात्र चालू असतो. जीव थकतो. माझे प्लग घट्ट बसवा, वायर ओढू नका, हे सांगायचंच आहे. पण मित्रांनो, जन्मभर ज्याची वाट पाहिली ते बंद होणं आता मागत नाही. दुपारी नानांचं ते बोट बटणावर येतं, तेव्हा मी जागा असायला हवा. ती चिकटपट्टी तेवढी काढू नका.