भिंतीकडे तोंड केलेल्या नऊ पिढ्या

मी आखाती देशातल्या फुजैऱ्याच्या एका खानावळीतला फळा बोलतोय. माझ्या पुढच्या बाजूला खडूने 'सुरमई फ्राय, सोलकढी' लिहिलेलं असतं. मागच्या बाजूला युरोपातल्या एका राजघराण्याच्या नऊ पिढ्या आहेत. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असतात, आणि तेच बरं.

माझा जन्म १९९७ सालचा. मी साधं प्लायवूड. बंदरावरच्या एका तेलकंपनीत दापोलीचा लियाकत पेंटर होता. टाक्यांवर 'धूम्रपान मनाई' अरबीत आणि इंग्रजीत रंगवणं हे त्याचं काम. त्याच कंपनीत एक प्रिन्स सल्लागार म्हणून आला. त्याचं घराणं अजून राज्य करत होतं म्हणे. राज्य एवढंसं, की इथल्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीतले कारखानेसुद्धा त्यात मावले नसते.

पाच भावांत हा सगळ्यात धाकटा. गादी मिळणार नव्हती, मिळाल्या होत्या पदव्या. प्रिन्स, ड्यूक, दोन गावांचा काउंट आणि कधीच पडून गेलेल्या एका किल्ल्याचा मालक. चहा देणारा 'युअर हायनेस' म्हणायला विसरला की तो कप परत पाठवायचा. तो कसला सल्ला देतो, ते मला कधी कळलं नाही. कंपनीलाही कळलं नसावं.

अरब व्यापाऱ्यांना आपलं कूळ समजावं म्हणून त्याने लियाकतला छापील वंशवृक्ष दिला. "या प्लायवर नावं अरबीत लिही. चौकटी मात्र बोटभरही हलवायच्या नाहीत."

लियाकतने हुकूम तंतोतंत पाळला. मूळ कागदावर थोरला भाऊ डावीकडे आणि धाकटा उजव्या टोकाला होता. पण अरबी वाचतात उजवीकडून. त्यामुळे माझ्यावर धाकटाच पहिला आला.

प्रिन्सच्या सेक्रेटरीच्या, कुंदाच्या, हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. "सर, इथले लोक उजवीकडून वाचतील. तुम्ही थोरले वाटताय. बदलून घेऊ का?"

त्याने उजव्या टोकाच्या आपल्या चौकटीवरून बोट फिरवलं. "राहू दे," म्हणाला. "छान दिसतंय."

दोन वर्षं लोकांनी त्याला भावी राजा समजून मेजवान्या दिल्या. तो जेवत राहिला. एकदाही खरं बोलला नाही.

मग फेब्रुवारीत खरा थोरला भाऊ भेटीला आला. ऑफिसातल्या एका अरब पाहुण्याने मला वाचून त्याला प्रेमाने विचारलं, "म्हणजे धाकटे तुम्ही?" भावाचा चेहरा उतरला. प्रिन्सने लगेच मॅनेजरला आणि लियाकतला बोलावलं. "या अडाण्याने गोंधळ केलाय. याचा व्हिसा कॅन्सल करा."

लियाकतची मुलगी यम्ना तेव्हा दहावीला होती. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. व्हिसा गेला असता तर सगळ्या घरालाच देश सोडावा लागला असता. लियाकत कुंदाजवळ सरकला. "ताई, माझं र्‍हाऊ दे. पोरीची परीक्षा होईस्तोवर तरी थांबवा."

कुंदा घाबरट बाई. साहेबांसमोर कधी मान वर केली नव्हती. तशीच खाली मान घालून ती मॅनेजरला म्हणाली, "सर, चौकटी हलवू नका हा हुकूम यांचाच होता. काय झालंय ते मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. हे म्हणाले, राहू दे."

थोरला भाऊ कोरडं हसला. "आमच्या घराण्यात हे नवीन नाही," तो म्हणाला.

लियाकतचा व्हिसा वाचला. यम्ना पास झाली. महिन्याभरात प्रिन्सची नोकरी गेली, पदवी मात्र एकही गेली नाही. त्या जन्मल्याबरोबर मिळतात, माणूस पुढे कसाही वागो.

मला कचऱ्यात टाकलं होतं. लियाकतने उचललं. "प्लाय चांगलाय ताई, टाकायचा कशाला?"

"न्या. पण यांची तोंडं भिंतीकडे करा हां, लियाकतभाई."

२००२ साली लियाकतच्या बायकोने, साजिदाने, ही खानावळ काढली तेव्हा त्याने माझी पाठ काळी रंगवली, आणि तीच माझी पुढची बाजू झाली. सुटीत यम्ना येते आणि रोजचे पदार्थ लिहिते.

तुम्ही कधी जेवायला आलात तर मला उलटून पाहू नका. तिकडे बघण्यासारखं काही नाही. इकडे बघा. सुरमई संपली की यम्ना ओलं फडकं घेऊन येते आणि तेवढी ओळ पुसून टाकते. जे नाही, ते आता माझ्यावर लिहिलेलं राहत नाही.